मनगटाचं माप

शबनूर मुजावरच्या स्टुडिओत कॅमेऱ्याआधी टेप बाहेर यायची. गरोदर बाईचे फोटो काढायचे ठरले की दहा दिवस आधी ती तिला बोलावून घ्यायची आणि मनगट, दंड, गळा, कपाळ अशी सगळी मापं वहीत उतरवायची. ती मापं मग बनाबाईकडं जायची. बनाबाई कपिलतीर्थ मार्केटात फुलं विकायची आणि सांगाल त्या मापाचे कळ्यांचे दागिने ओवून द्यायची. तयार दागिने बाजारात मिळत नव्हते असं नाही, पण ते सैल असतात, हात उचलला की कोपरापर्यंत घसरतात. शबनूरला ते खपत नसे.

बी.एस्सी. झाल्यावर तिनं सहा वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली होती. रक्त, लघवी, काचपट्ट्या, आकडे. हातात कॅमेरा आला आणि लॅब सुटली, मोजायची सवय मात्र सुटली नाही. राजारामपुरीत एका मेडिकल दुकानाच्या वरचा मजला तिनं घेतला, तो पूर्वेच्या मोठ्या खिडकीसाठी. सकाळी नऊ ते बारा त्या खिडकीतून मऊ उजेड येतो आणि तिला दुसरा लाइट लागत नाही.

त्या शनिवारी साडेदहाला गडमुडशिंगीहून अनुजा आली. चौतिसावा आठवडा, पहिलं बाळंतपण. बरोबर फौंड्रीत सुपरवायझर असलेला नवरा पृथ्वीराज, सासू झुंबरबाई आणि सासरे आण्णा. आण्णा घरूनच फेटा बांधून आले होते आणि तो बिघडू नये म्हणून मान ताठ ठेवून सोफ्यावर बसले होते. पृथ्वीराजनं एक वीतभर फेटाही आणला होता. तो पोटावर ठेवून फोटो काढायचा ही त्याची कल्पना.

"माप कुणाचं घेतलंत?" शबनूरनं विचारलं.

"नारळाचं," झुंबरबाई म्हणाल्या. "दोन दिस नारळ मांडीवर घेऊन बसलाय. बायकूला पाणी विचारलं न्हाई एवढं त्या नारळाचं केलं."

अनुजा हसली, पण डोळे मिटून. उद्या ती बाळंतपणासाठी जयसिंगपूरला माहेरी जाणार होती. परवापासून अमावस्या. म्हणजे फोटो काढायचे तर आजच, हे झुंबरबाईंनी आल्याआल्या दोनदा सांगून टाकलं होतं.

शबनूरनं अनुजाला आतल्या खोलीत नेलं, हिरवी नऊवारी नीट करून दिली आणि फुलांचा डबा उघडला. गळ्यातलं बसलं. कपाळावरचं बसलं. मनगटावरची माळ मात्र बसेना. दोन टोकांच्या मध्ये बोटभर अंतर राहिलं. ओढून बघितलं तर कळ्या चेंगरायला लागल्या. दुसऱ्या हाताचंही तेच.

तिनं बनाबाईला फोन लावला.

"बनाबाई, मनगटाच्या माळा आखूड झाल्यात."

"कुणाच्या?" पलीकडून आवाज आला. "माझ्या माळा आखूड होत न्हाईत. तू साडेपंधरा लिवलंस, मी साडेपंधरा ओवली. आधी टेप लाव, मग बोल माझ्याशी."

शबनूरनं टेप लावली. माळ साडेपंधरा सेंटीमीटर होती, बरोबर. मग तिनं अनुजाचं मनगट मोजलं. साडेसतरा. दुसरं मनगट, पुन्हा साडेसतरा. वही काढून बघितली. आज तारीख एकोणीस, माप घेतलं होतं नऊ तारखेला, आणि ते तिच्याच अक्षरात साडेपंधरा होतं.

दहा दिवसांत दोन सेंटीमीटर. तिनं अंगठ्यानं मनगट हलकं दाबलं. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला. अनुजाच्या बोटात अंगठी नव्हती.

"अंगठी?"

"साबण लावून काढली परवा. निघंना झालती."

बाहेरून झुंबरबाई आत डोकावल्या. "काय झालं गं? एवढा येळ?"

"हात सुजलेत, मावशी."

"आठव्यात सुजत्यातच की. माझं पाय मुसळागत झालतं, त्याच पायानं धारा काढल्या मी. दोऱ्याची गाठ मागं घे जरा, फोटोत काय दिसतंय?"

पाय सुजतात हे खरं होतं. तिच्याकडं येणाऱ्या निम्म्या बायकांचे पाय सुजलेले असत. तिनं माळेला जास्तीचा दोरा जोडून मागं बांधला, अनुजाला बाहेर आणून खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं आणि कॅमेरा गळ्यात अडकवला. लेन्सवरचं झाकण अजून काढायचं होतं.

"मॅडम," अनुजा म्हणाली, "तेवढा फ्लॅश बंद करा की. सारखं डोळ्यापुढं चमकतंय."

शबनूरचा हात झाकणावरच थांबला. स्टुडिओतले दोन मोठे लाइट कोपऱ्यात होते, त्यांच्या वायरी गुंडाळलेल्या. सकाळपासून या खोलीत एकदाही फ्लॅश उडाला नव्हता.

ती अनुजासमोर खाली बसली. "कधीपासून चमकतंय?"

"काल सांजंपासनं."

"डोकं दुखतंय?"

"चार दिस झालं." अनुजानं सासूकडं बघितलं. "आत्याबाई म्हणल्या उन्हाचं आसंल."

"पोटात कुठं दुखतं?"

अनुजानं उजव्या फासळीखाली हात ठेवला. "हितं. ॲसिडिटी हाय."

लॅबमध्ये असताना अशा बायकांचे नमुने यायचे. चिठ्ठीवर डॉक्टरांनी घाईघाईनं लिहिलेलं असायचं: सूज, डोकेदुखी, दृष्टी, लघवीतली प्रथिनं तातडीनं. नळी तापवली की तळापर्यंत पांढरं गोठायचं. शबनूर रिपोर्ट लिहून द्यायची. पुढं त्या बायकांचं काय झालं ते लॅबमध्ये सहसा कळत नसे. दोघींचं कळलं होतं.

ती उठली. "बीपी शेवटचं कधी बघितलं?"

"तीन आठवडं झालं," पृथ्वीराज म्हणाला. "नॉर्मल हुतं. आता मंगळवारी जयसिंगपूरच्या डॉक्टरकडं हाय की."

"आत्ता बघू या. खाली दुकानात मशीन आहे."

"आत्ता?" झुंबरबाईंचा आवाज चढला. "फोटो काढाय आलोय का तपासाय? दोन जिवाच्या बाईपुढं आभद्र बोलू नगंस. तू काय डाक्टर हायेस?"

"नाही, मावशी. म्हणूनच मोजू म्हणतेय."

"उगंच तिच्या मनात भ्या घालतीस."

सोफ्यावरून आण्णा बोलले. आल्यापासून पहिल्यांदाच. मान तशीच ताठ.

"म्हशीनं एक येळ वैरण सोडली तर तासात डाक्टर बोलावतीस. हिला चार दिस डोकं दुखतंय. बघू दे की मशीन लावून. मशीन काय चावतंय व्हय?"

शबनूरनं जिन्यातून हाक मारली आणि खालच्या दुकानातला कृष्णात मशीन घेऊन वर आला. आल्याआल्या त्यानं पृथ्वीराजकडं बघितलं.

"कुणाचं बघायचं? पावण्याचं का? बापाचंच आधी वाढतंय."

त्यानं अनुजाच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आला तसा त्यानं पट्टा सोडून दुसऱ्या हाताला बांधला. मग मशीन शबनूरकडं वळवलं.

एकशे बहात्तर, खाली एकशे बारा.

"मशीन बरोबर हाय न्हवं?" पृथ्वीराजनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. शबनूर म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं तरी बघा. म्हणजे कळेल."

"माझं बघ," झुंबरबाई म्हणाल्या आणि पदर सारून हात पुढं केला. चेहऱ्यावर असा भाव की आता तुमचं मशीन खोटं पडणार. मशीन घुरघुरलं, थांबलं. एकशे चोवीस, ऐंशी.

झुंबरबाईंनी आकड्यांकडं बघितलं. मग सुनेच्या आकड्याचं काय होतं ते कृष्णातला पुन्हा विचारलं. त्यानं सांगितलं. त्यानंतर त्या अनुजाजवळ गेल्या आणि तिच्या केसातली, गळ्यातली, मनगटातली फुलं उतरवायला लागल्या. गाठी सुटेनात तेव्हा दोरा दातानं तोडला.

"पृथ्वी, गाडी काढ."

पृथ्वीराज जागचा हलला नाही. त्याच्या हातात तो वीतभर फेटा होता. "मॅडम, दोनच फोटो. दोन मिनिटं लागत्यात. एवढी नटलीया ती. उद्यापासनं न्हाईच ती हितं."

"नाही."

"आमीच सांगतोय न्हवं काढा म्हणून? आमची जबाबदारी."

"मी काढणार नाही," शबनूर म्हणाली. "तुमच्या डॉक्टरांना फोन लावा आणि माझ्याकडं द्या."

त्यानं लावला. कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. शबनूरनं लॅबमधला रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं: चौतीस आठवडे, बीपी दोन्ही हातांना एवढं, चार दिवस डोकेदुखी, कालपासून डोळ्यांपुढं चमक, उजव्या फासळीखाली दुखतंय, हातांना सूज. पलीकडून तीन शब्द आले. आणा. जेवण नको.

अनुजाला दोन्हीकडून धरून जिना उतरवला. ती एकदाच म्हणाली, "मला काय व्हतंय?" गाडी गेली.

वर सगळीकडं कळ्या पडल्या होत्या. शबनूरनं झाडू घेतला. झाडता झाडता तिनं मनात वेळ मोजली. माळ बसली नाही तेव्हा अकराला दहा कमी होते, गाडी निघाली ती अकरा वीसला. त्यातला पाव तास तिनं बनाबाईशी बोलण्यात आणि जास्तीचा दोरा जोडण्यात घालवला होता. तो दोरा जोडताना तिला माहीत होतं की अंगठ्याचा खड्डा भरलेला नाही. दुपारचा डबा तिनं उघडला नाही.

चारच्या सुमाराला पृथ्वीराजचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. मुलगी, अठराशे ग्रॅम, काचेत ठेवलीय. अनुजा आयसीयूत, झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन चालू. बीपी अजून खाली आलेलं नव्हतं. "डॉक्टर म्हणल्या रात्र जाऊ दे." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

रविवारी फोन आला नाही. शबनूरनंही केला नाही. सोमवारी एका जोडप्याचे फोटो होते, ते तिनं काढले. मंगळवारी सकाळी अनोळखी नंबरवरून झुंबरबाई.

"पोरगी मांजराच्या पिल्लाएवढी हाय. पर कालपासनं दूध ओढाय लागलीया."

"आणि अनुजा?"

"उठून बसलीया. मला मनातल्या मनात शिव्या देतीया, दिसतंय की मला. देऊ दे. मी उन्हाचं म्हणलं व्हतं. घे, बोल तिच्यासंगट."

फोन हातातून हातात गेला. अनुजाचा आवाज बारीक होता.

"मॅडम, एक विचारू? त्या दिवशी एकबी फोटो न्हाई का काढला? चुकून एखादा?"

शबनूर खुर्चीवर बसली. बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं.

"नाही, अनुजा. एकही नाही. झाकणच काढलं नव्हतं."

"घरातबी कुणी काढला न्हाई. मीच म्हणायची, मॅडम काढणार हायेत, मग कशाला. म्हणजे ती पोटात असताना मी कशी दिसत व्हते, ते आता न्हाईच कळायचं."

"नाही."

"बरं," अनुजा म्हणाली. मागून कुणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारली. "थांबा हं, सिस्टर बोलावतीया. दर दोन तासाला दूध द्याय लागतंय." आणि फोन तसाच चालू ठेवून ती गेली.