बारा पेरांचा हात

डोक्यावर पाटी धरून उभं राहिलं की हमीदाला आधी घसा कोरडा पडल्याचं कळायचं. प्रश्न मागाहून ऐकू यायचा.

नारायण पेठेतल्या त्या मुलींच्या शाळेत दुसरीला आनंदीबाई होत्या, आणि तोंडी हिशेबाला त्यांचा कायदा एकच. दोन्ही हातांनी पाटी डोक्यावर धरायची. हात खाली आला की भोपळा. "बोटांवर मोजायचंय?" त्या विचारायच्या. "मग वीसच्या पुढं काय, शेजारणीची उसनी घेणार?" वर्ग हसायचा. हमीदाही हसायची, कारण न हसणारीकडे बाईंचं लक्ष जायचं.

वार्षिक परीक्षा चार दिवसांवर आली होती. घरी सुरय्याफुफीनं, अब्बांच्या बहिणीनं, जेवताना विषय काढला होता. "एकाच वर्गात दोन-दोन वर्षं बसवायला ती काय बॅरिस्टर होणाराय? नापास झाली तर शाळेतून नाव काढा. कागद दुमडायला घरात हात हवेच आहेत." हमीदाचे अब्बा, कादर बाइंडर, काही बोलले नाहीत. आणि अब्बा ज्यावर बोलत नसत, ते ठरल्यासारखंच असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुगराबी नमाज आटोपून उठली, तर मुलगी भिंतीशी डोक्यावर जर्मनची थाळी धरून उभी.

"हे काय गं? पाणी भरायला निघालीस?"

"हिशेब करतेय, अम्मा. बोटं लावायची नाहीत म्हणतात बाई."

सुगराबीला हे नवलच वाटलं. ती शाळेत गेली नव्हती. तिला जे मोजता येत होतं ते उजव्या हाताच्या पेरांवर. नमाजनंतर अंगठा करंगळीच्या तळाशी टेकवायचा आणि एकेक पेर चढत जायचं. चार बोटांची बारा पेरं झाली की हात भरला. तेहतीस वेळा अल्लाचं नाव घ्यायचं म्हणजे दोन हात आणि वर नऊ. मांडीवर बसून हमीदा हेच शिकली होती, शाळेचं तोंड पाहण्याआधी. वर्गातल्या मुली दहा-दहाच्या काड्यांच्या जुड्या बांधत, तेव्हा हिचा अंगठा फ्रॉकच्या घडीत बारा पेरं फिरून यायचा. उत्तरं बरोबर यायची. पाटी डोक्यावर गेली की मात्र काहीच यायचं नाही.

"नऊ नि सहा?" सुगराबीनं विचारलं.

थाळीखालून हमीदानं अम्माकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्याकडं नको बघू. डोळे मीट. हात वर गेला म्हणून काय तुटून पडला? आहे ना तिथं? आतून बघ त्याच्याकडं."

हमीदानं डोळे मिटले. बराच वेळ नुसता अंधार होता. मग त्या अंधारात एक हात आला, पण तो तिचा नव्हता. हळदीनं पिवळी पडलेली नखं, तर्जनीवर सुईची टोचणी. त्या हाताचा अंगठा सावकाश चढू लागला.

"हात भरून तीन," हमीदा म्हणाली. "म्हणजे पंधरा."

"आता दुसरा सांगते," सुगराबी म्हणाली, आणि चिरायची भाजी तशीच राहिली.

परीक्षेच्या दिवशी हमीदाचा नंबर शेजारी बसणाऱ्या मैनाच्या मागोमाग होता. मैना चार उत्तरं देऊन सुटली. हमीदानं पाटी डोक्यावर घेतली. बाईंच्या हातात लाल पेन्सिल होती.

"सात आणि आठ?"

तिनं डोळे मिटले. तो हात लगेच आला. अंगठा सातवरून निघाला, बारावर गेला, पुन्हा तळाशी आला. भीतीनं जीभ तिच्या आधी धावली.

"एक हात नि तीन."

वर्गात खसखस पिकली. पेन्सिल थांबली.

"हात?" बाई म्हणाल्या. "म्हणजे आठ का गं? हाताला बोटं पाच असतात, निदान आमच्याकडं तरी."

"बारा, बाई."

"बारा बोटं! बघू तरी."

हमीदाचा उजवा हात पाटीवरून सुटायला आला होता. दाखवलं की कळेल. पण हात खाली आला की भोपळा, भोपळा मिळाला की नाव काढायचं. बाई खरंच दाखव म्हणतायत की पारखतायत, ते तिला कळेना. फ्रॉक पाठीला चिकटला. तिनं पाटी इतकी घट्ट धरली की लाकडी चौकट करकरली.

"बोटं नाही, पेरं," तिनं हात न हलवता सांगितलं. "करंगळीची तीन, तिच्या शेजारची तीन... चारांची बारा. अंगठा मोजायला. एक हात नि तीन म्हणजे पंधरा."

हमीदानं डोळे किलकिले केले. बाईंचा डावा हात टेबलावर उताणा पडला होता आणि त्यांचा अंगठा एकेक पेर चढत होता. कुणाचं लक्ष आहे असं वाटताच त्यांनी मूठ मिटली.

"साठातून सदतीस?"

पाच हात. त्यातले तीन गेले, आणखी एक पेर गेलं. "तेवीस."

"अठ्ठेचाळीस बोरं चौघींत?"

"एकेक हात. बारा."

बाईंनी आणखी तीन विचारले, एकाहून एक अवघड. शेवटचा चुकला. लाल पेन्सिल कागदावर फिरली, किती फिरली ते दिसलं नाही.

"तिसरीत गेल्यावर हातात दहाच धरायचे," बाई कागदातून मान वर न करता म्हणाल्या. "बाकीचं जग तेवढ्यावरच भागवतं. जा."

हमीदा बाहेर आली ती थेट नळापाशी. शेवटचा चुकला, शेवटचा चुकला, एवढंच डोक्यात होतं. मैना मागून धावत आली.

"अगं, ऐकलंस का? तिसरीत गेल्यावर म्हणाल्या! नापास मुलीला असं कोण म्हणतं?"

हमीदानं ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं, आणि तेव्हा कुठं नळ सोडला. तिनं नळाखाली ओंजळ धरली, पण इतका वेळ वर राहून बधिर झालेल्या हातांत पाणी थांबेना.

"सरक," मैना म्हणाली, आणि आपली ओंजळ भरून तिच्या तोंडाशी धरली.