तुटले तशी जास्त तापले

मी शेगडीतली तार बोलतेय. विजेच्या शेगडीच्या गोल थाळीत, खाचांमधून वेटोळी घालून बसते ना, तीच. आवाज बारीक येईल. फार दमलेय हो.

कारखान्यातून निघाले तेव्हा चांगली लांबलचक होते. विजेला अडवायची ताकद अंगात होती, म्हणून ती बेताबेतानेच यायची. शेगडीच्या बुडाशी 'हजार वॅट' असं कोरलंय. तेवढंच तापायचं, हे माझं व्रत.

या घरात म्हातारा-म्हातारी, मुलगा आणि सून. म्हातारीचे गुडघे धरलेले. म्हातारबुवा रोज सकाळी तिच्या पलंगाशेजारीच शेगडी लावून तिला शेकायला पाणी तापवायचे. तोंडाने गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. जी काय माया, ती त्या पातेल्यात.

एकदा मी तुटले. त्यांनी जळका तुकडा कापून टाकला, टोकं पकडीने पिळली आणि मला ओढूनताणून पुन्हा खाचेत बसवलं. दुसऱ्या दिवशी पाणी लवकर उकळलं.

"बघ! नवीपेक्षा झकास चालतेय," ते म्हणाले.

"तुमच्या हाताला गुणच आहे," म्हातारी म्हणाली. झालं, बुवा खूश!

मग मी तुटतच गेले. दर वेळी थोडी आखूड, दर वेळी जास्त लाल. त्यांना वाटे, आपली कारागिरी. अहो, अडवणारं अंगच कमी झालंय, वीज धो धो येतेय! पण तारेचं कोण ऐकतो?

शेवटी सुनेच्या नाकाला जळकट वास लागला. सॉकेट तपकिरी पडलं होतं, आणि तेही म्हातारीच्या उशाशी, पडद्याला लागून. तिने वायरमनला बोलावलं.

त्याने मीटर लावलं. "दोनशे तीस व्होल्ट. आणि करंट... आठ अँपिअर? बाबा, व्होल्टला करंटने भागा. रोध, म्हणजे तारेची अडवायची ताकद, आला एकोणतीस ओहम. नव्या तारेचा त्रेपन्नच्या आसपास असतो. आता व्होल्ट आणि करंट गुणा. अठराशे चाळीस वॅट! शेगडी हजाराची, सॉकेट पाच अँपिअरचं."

"पण पाणी तर झटकन तापतं," बुवा म्हणाले.

"म्हणूनच तर! एखाद्या दिवशी पडदाही झटकन पेटला असता."

म्हातारबुवांनी पडदा हाताने बाजूला सारला. "म्हणजे मी हिच्या उशाशीच..."

"बाबा, तुम्ही काय मुद्दाम केलंत?" सून म्हणाली आणि त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

सॉकेट बदललं. शेगडीत नवी, पूर्ण लांबीची तार आली. मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलंय.

आज सकाळी पातेलं चढलं, पण पाणी काही तापेना. बुवांची चुळबुळ सुरू झाली. "किती वेळ लावतेय ही!"

"लावू दे," म्हातारी म्हणाली. "तोवर बसा ना इथं. एरवी पातेलं ठेवलं की निघता."

ते अवघडून पलंगाच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "कुठला गं जास्त दुखतो? डावा की उजवा?"

"इतकी वर्षं शेकताय, आणि आज विचारताय!" म्हातारी हसली. "डावा."

त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. पाणी अजून कोमटच आहे.

बाबांनो, मला पुन्हा जोडू नका. हे दोघं बोलताहेत तोवर इथंच, अशीच गार पडून राहू द्या.