बाईंच्या नावाने

बाईंनी खळीने चिकट झालेली बोटं फडक्याला पुसली आणि टेबलावरचा मोबाइल आपल्याकडे ओढला. मुलाने तो उचलून पुन्हा मध्ये, पुठ्ठ्यांच्या चळतीला टेकवून ठेवला.

“असू दे आई. दोघंही दिसायला हवेत.”

पडद्यावर मुलगा पुरता दिसत होता आणि बाईंचा एक कान. डॉक्टर पस्तिशीच्या असतील. ऑनलाइन तपासणीला पंधरा मिनिटं मिळायची. त्यातली पाच ‘आवाज येतोय का’ यातच गेली होती.

“आजी, विसरायला कधीपासून होतंय?”

“सहा महिने झाले,” मुलगा म्हणाला.

“जेवण वेळेवर?”

“कुठलं! कामात डोकं घातलं की हिला कशाची शुद्ध नसते.”

“मला तोंड आहे,” बाई म्हणाल्या. “आणि जेवतेही त्याच तोंडाने.”

डॉक्टर हसल्या. मग समोरचं काही वाचत म्हणाल्या, “आजी, तुम्ही मेलमध्ये सगळं लिहिलंयत म्हणा. कापायच्या मशीनची भीती वाटते, बाइंडिंगचं काम बंद करून मुलाकडे राहायला जायचंय. काम झेपणार नाही असं पत्र तुम्ही मागितलंय. ते मी देऊ शकते.”

बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो पुठ्ठ्यांच्या कडा सारख्या करत होता. त्या आधीच सारख्या होत्या.

“मी असं काही लिहिलेलं नाही.”

“बघा डॉक्टर,” मुलगा घाईने म्हणाला, “हेच सांगत होतो. लिहिलेलंसुद्धा आठवत नाही तिला.”

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण शब्द गेला तो गेला. डॉक्टरांनी काहीतरी टिपून घेतलं, पुढचे पेशंट थांबलेत, पत्राचं दोन दिवसांत बघते, असं म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

अर्धवट शिवलेल्या वहीतून सुई लोंबत होती. अडतीस वर्षं बाई याच टेबलावर ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं उसवून पुन्हा शिवत आल्या होत्या. मुलगा याच टेबलाखाली रांगला होता.

“माझं वकीलपत्र तुला कुणी दिलं?”

“आई, एक दिवस त्या मशीनखाली तुझा हात जाईल. मी ऑफिसात बसून दिवसभर फोनकडे बघत असतो, ठाऊक आहे तुला?”

“मग तसं लिहायचं. तुझ्या नावाने.”

“माझं कोण ऐकणार? तू तरी ऐकतेस?”

“म्हणून मला खुळी ठरवलंस. तेही माझ्याच तोंडून.”

त्याने मान खाली घातली. बाईंनी मोबाइल त्याच्यापुढे सरकवला. मेलचं खातं त्यानेच काढून दिलेलं. बाईंनी ते कधी उघडलं नव्हतं.

“पासवर्ड बदलून दे. नवा मी घालणार. तू तिकडे बघ.”

“लक्षात राहील का?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“विसरले तर मी विसरेन. माझं मी.”

तो गेल्यावर बाईंनी चष्मा लावून पाठवलेले मेल वाचले. चार होते. भाषा गोड, आज्ञाधारक. असं बाई जन्मात कधी बोलल्या नव्हत्या. तिसऱ्यात एक वाक्य होतं : ‘माझ्या मुलाला रात्रंदिवस माझी धास्ती असते.’ त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. एका बोटाने लिहिताना दुपार सरली.

‘डॉक्टर, आधीचे चारही मेल माझे नाहीत. हा माझा आहे. मला मशीनची भीती वाटत नाही. काम बंद करायचं नाही, पत्र देऊ नये. मी जेवते. मात्र एक गोष्ट मुलाने लिहिली नाही, कारण ती त्याला माहीत नाही. गेल्या महिन्यात ग्रंथालयातून परत येताना मी चौकात उभी राहिले आणि घर कुठल्या बाजूला ते मला कळेना. फुलवाल्याने विचारलं तेव्हा कुणाची तरी वाट बघतेय असं खोटं सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांनी रस्ता आठवला. असं दोनदा झालं. याचं काय ते मला सांगा. मला, मुलाला नाही.’

शेवटचे तीन शब्द त्यांनी पुन्हा वाचले, तसेच ठेवले आणि मेल पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. काल तुमच्याशी बोलायचं सोडून भलत्याशीच बोलत राहिले, माफ करा, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. पत्र देणार नाही. सोमवारी साडेनऊला दवाखान्यात या, काही चाचण्या करू. सोबत कुणाला आणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली रस्ता नेहमीसारखा वाहत होता. पलीकडच्या दुकानाची पाटी त्यांनी एकदा मनाशी वाचली आणि मग मुलाला फोन लावला.

“काय झालं? बरी आहेस ना?” पहिल्याच घंटीला त्याने उचलला होता.

“सोमवारी सुट्टी काढ. डॉक्टरांकडे जायचंय.”

“मी येऊ?”

“गाडी तू चालवायची,” बाई म्हणाल्या. “आत शेजारी बसायचं. बोलणार मी. आणि मी काय बोलते ते ऐकून तिथे रडायचं नाही.”