दादाची पुट्टी

रंग उडाला आणि खालून निघाली पुट्टी. जळकी, आंबूस वासाची, लोखंडाचा कीस कालवलेली. वेल्डर ताईने ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर ढकलला आणि त्या करड्या लगद्यात नख खुपसलं. नख आत गेलं. बिडात, ओतीव लोखंडात, नख जातं होय कधी? तिला शिसारी आली.

समोर होती पत्र्याची झाकणं कापणाऱ्या प्रेसची बिडाची बॉडी. दोन वर्षांपूर्वी तिला गळ्याशी तडा गेला, तेव्हाही ती याच वर्कशॉपमध्ये आली होती. ताई त्या वेळी बाळंतपणामुळे घरी, म्हणून काम दादाने केलं. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, वर्कशॉपचा मालक आणि बोलण्यात भलताच गोड. अगदी तुझ्या पद्धतीने केलं गं, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं.

तिची पद्धत म्हणजे काय, तर तड्याच्या दोन्ही टोकांना आधी भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग तडा तळापर्यंत कोरायचा, अख्खी बॉडी भट्टीत सावकाश तापवायची, निकेलच्या रॉडने बोटभर जोड भरायचा, गरम असतानाच हातोडीने हलके ठोकायचा आणि मगच पुढचं बोटभर. शेवटी सगळं चुन्याच्या भुकटीत पुरायचं आणि दोन दिवस तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. बिडाला घाई सोसत नाही. जोड नीट बसला तरी शेजारी तडकतं. इथे यातलं काय केलं होतं? कप्पाळ! एक भोकसुद्धा नव्हतं. तिने रॉकेल लावून पुसलं, वर खडूची भुकटी चोळली, तर तड्यात मुरलेलं रॉकेल भुकटीत झिरपून काळी ओली रेघ उमटत उमटत चांगली वीतभर वर गेली.

तिने दादाला हाक मारली. तो आला, वाकून बघितलं, आणि बघा हं, जरासुद्धा लाजला नाही. दोन वर्षं टिकली ना, म्हणाला. संध्याकाळी गिऱ्हाईकाला बॉडी हवीय, पुन्हा भर आणि वरून दोन हात रंग मार. भट्टी पेटवून चार दिवस कोण घालवणार? हे सगळं काडीने दात कोरत. याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं ताईला वाटलं.

दाराशी स्टुलावर प्रेसवाले काका बसले होते. बॉडी टेम्पोतून तेच घेऊन आले होते आणि रोज त्या प्रेसवर तेच बसायचे. दिवसातून हजार वेळा त्यांचा डावा हात त्या गळ्याखाली जायचा. ताईने त्यांना जवळ बोलावून रेघ दाखवली. चालू प्रेस इथून तुटली तर मनगटापासून हात जाईल, असं स्पष्ट सांगितलं आणि तडा कधी दिसला नाही का, असं विचारलं.

"दिसायचा की," काका म्हणाले. "प्रत्येक ठोक्याला रंग उघडायचा नि मिटायचा. मी आमच्या मालकांना सांगितलं. त्यांनी इथे फोन लावला. दादा म्हणाले, ताईने स्वतःच्या हाताने केलंय. मग मी परत कामाला बसलो. तुमचं काम म्हटल्यावर काय बघायचं?"

ताईला दादाची किळस होतीच, आता स्वतःचीही आली. चार दिवसांचं काम दादाने एका दुपारीत उरकलं, हे तिला कामावर परतल्यावर कळलं नव्हतं का? कळलं होतं. विचारलं असतं तर घरात भांडण झालं असतं, म्हणून बाईसाहेब मूग गिळून बसल्या होत्या.

तिने घण उचलला. दादा अगं अगं करेपर्यंत तीन घाव बसले आणि बॉडी गळ्यातून दुभंगली. आतला तडा गंजून काळा पडला होता. एका कडेला अंगठ्याएवढंच चांगलं बीड उरलं होतं, तेवढंच चमकत होतं. काकांनी वाकून ते बघितलं. मग त्यांनी डावा हात खिशात घातला.

दादाचा पारा चढला. "ही एक फोडलीस. बाकीच्या अकरा काय घरोघर जाऊन फोडणार आहेस?"

बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

"पत्ते सांग," ताई म्हणाली. घण तिने अजून खाली ठेवला नव्हता.