इसक्कीचं नाक

माझ्या अप्पांनी, सोर्णमुत्तु आसारींनी, चाळीस वर्षांत किती नाकं टोचली असतील याची गणती नाही. ताम्रपर्णीच्या काठचं आमचं गाव लहान, त्यातली आसारींची, म्हणजे सोनारांची गल्ली त्याहून लहान. तरी केळीच्या बागांपलीकडच्या वस्त्यांतूनही बायका आपल्या मुलींना घेऊन आमच्याच पायरीशी यायच्या. आसारीचा हात हलका आहे, म्हणायच्या. पोरीने रडायला तोंड उघडावं, तोवर चमकी बसलेली असायची.

मी शेंबगम, त्यांची एकुलती एक मुलगी. नवरा गावातलाच आहे, बस चालवतो. अम्मा गेल्यापासून मी दिवसभर अप्पांच्या दुकानात असते. मणी ओवणं, दागिने उजळणं, गिऱ्हाइकाशी बोलणं हे माझं काम. कुणाचं नाक टोचायचं असलं की कापूस आणि आरसा धरायलाही मीच.

संक्रांतीनंतर, तै महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी मुप्पिडादी तिच्या मुलीला घेऊन आली. मुप्पिडादी देवळापाशी मोगऱ्याच्या वेण्या विकते. मुलगी इसक्की, वीस वर्षांची, ब्लाउज शिवायची. तिची उजवी नाकपुडी पाचव्या वर्षी अप्पांनीच टोचली होती. मग नदीत डुबक्या मारताना चमकी वाहून गेली आणि भोक बुजलं. मोहरीएवढा डाग तेवढा उरला होता. आता ती कमावती झाली होती आणि तिला स्वतःच्या पैशाची चमकी हवी होती.

"पुन्हा तिथेच टोचा, आसारी," मुप्पिडादी म्हणाली. "देवाने जागा राखून ठेवलीय."

"डागातून सुई नीट जात नाही गं," अप्पा म्हणाले. "जरा बाजूला घेतो."

इसक्की हसत होती. "बाजूला म्हणजे गालावर नको हं, आसारी."

अप्पांनी सुई ज्योतीवर धरली, तिची हनुवटी वर केली, डोळे बारीक केले. गेल्या वर्षभरात ते असे डोळे बारीक करायला लागले होते. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, "माझे डोळे बोटांत आहेत." सुई गेली. आणि जाताना एक बारीकसा आवाज झाला, कोवळी काकडी मोडल्यासारखा. अप्पांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी सुई पुढे सरकवली, चमकी बसवली, आतून फिरकी लावली.

तो आवाज मी ऐकला होता. नाकपुडीच्या कडेच्या मऊ मांसातून सुई गेली तर आवाज होत नाही. जरा वर गेली तर कुरकुरीत हाड लागतं, आणि ते हाड आपण सहसा चुकवतो. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"दिवसातून दोनदा मिठाच्या कोमट पाण्याने शेक," ते इसक्कीला म्हणाले. "हात लावायचा नाही. चमकी फिरवायची नाही. कुणी काही लाव म्हटलं तरी लावायचं नाही."

एवढंच. मीही काही बोलले नाही. आरसा पुसून खुंटीला लावला.

पाचव्या दिवशी मुप्पिडादी दुकानात आली. नाक जरा लाल झालं होतं, दुखत होतं. "हिने सुकटाचं कालवण खाल्लं असणार," ती म्हणाली. "मी वांगं, सुकट सगळं घरातून बंद केलंय. पण शिवणाच्या दुकानात पोरी डबे वाटून खातात. कोण लक्ष ठेवणार?"

"पाण्याने शेकतेय ना?" अप्पांनी विचारलं.

"शेकतेय. मी हळदही लावते वरून."

"हळद नको लावूस. भोकाच्या तोंडाशी चिकटून बसते, आतली घाण बाहेर येत नाही."

"माझ्या आईने मला हळदच लावली होती."

अप्पा त्यावर गप्प बसले. एरवी ते एवढ्यावर गप्प बसणारे नव्हते. ती गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, तिला दवाखान्यात न्यायला सांगायचं का?"

"नवं नाक आहे. चार दिवस लालच असतं," ते म्हणाले आणि फुंकणी उचलून कामाला लागले. पण त्या दिवशी त्यांनी एक अंगठी दोनदा वितळवली.

नवव्या दिवशी भर दुपारी मुप्पिडादीच्या शेजारणीने निरोप आणला, इसक्कीला ताप आलाय. अप्पा तसेच उठले. दुकानाचं दार मी ओढून घेतलं आणि आम्ही दोघं चालत गेलो.

घरात आधीच चार बायका जमल्या होत्या. एक जण सांगत होती, चमकी ओढून काढा म्हणजे दुखणं आपोआप उतरेल. दुसरी एरंडेल तेल गरम करत होती. मुप्पिडादीचा भाऊ दारात उभा राहून म्हणत होता, "नजर लागलीय. पोरगी नवी चमकी मिरवत हिंडली, दुसरं काय."

इसक्की चटईवर उशीला टेकून बसली होती. नाकाचं अर्धं टोक टोमॅटोसारखं लाल आणि ताणून चकाकत होतं. सूज डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत चढली होती. फिरकी आतल्या सुजेत रुतली होती. अप्पांनी बोटाने नाकाच्या टोकाला नुसतं टेकवलं आणि ती कळवळली.

"कुणी दाबून पू काढायचा प्रयत्न केला का?"

"मामा म्हणत होता, मी नाही करू दिला," इसक्की म्हणाली. तिचा आवाज नाकात अडकला होता.

"बरं केलंस. चमकीलाही इथे कुणी हात लावू नका." अप्पा उभे राहिले. "मुप्पिडादी, हिला घेऊन मोठ्या इस्पितळात जायचंय. आत्ता. तीनची बस मिळेल."

"एवढ्या मंगळवारी नजर उतरवली की..."

"आत्ता," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण एरंडेलवाली बाईसुद्धा चुलीवरून भांडं उतरवून बाजूला झाली.

बसमध्ये इसक्की खिडकीशी, तिच्या शेजारी मुप्पिडादी, मागे मी आणि अप्पा. तासाभराचा रस्ता. अप्पा संपूर्ण वेळ आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहत होते.

इस्पितळात नाक-कान-घशाची डॉक्टर तरुण होती, तिशीचीही नसेल. तिने दिवा लावून आत पाहिलं, टोक चाचपलं आणि विचारलं, "कुणी टोचलं?"

मुप्पिडादी म्हणाली, "गावच्याच आसारींनी. पण त्यांचं काही नाही हो, डॉक्टर. हिनेच वाटेल ते खाल्लं. मी हळदही लावली, ते नको म्हणत होते तरी. तेच बाधलं असेल."

"मी टोचलं," अप्पा पुढे येऊन म्हणाले.

डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं. "हळदीने भर घातली असेल. पण मूळ दुखणं आत आहे. सुई मऊ भागातून जायला हवी होती, ती वर हाडात गेलीय. या हाडाला स्वतःचं रक्त नसतं, वरच्या पातळ पापुद्र्यावर ते जगतं. मध्ये पू साचला की हाड विरघळायला लागतं. आणखी दोन दिवस घरी ठेवली असतीत तर नाक बसलं असतं. आता दाखल करायचं, शिरेतून औषध द्यायचं, पू काढायचा. चमकी काढावी लागेल."

चमकी निघेना. आतली फिरकी सुजेत एवढी बुडाली होती की चिमट्याला तिची कड सापडत नव्हती, आणि प्रत्येक प्रयत्नाला, बधिर केलेलं असूनही, इसक्कीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टर थांबली.

"मी पाहू का?" अप्पा म्हणाले. "फिरकी मी बनवलीय. तिचे आटे मला ठाऊक आहेत."

डॉक्टरने जरा विचार केला. मग त्यांना कोपरापर्यंत हात धुवायला लावले, दोनदा, आणि हातमोजे दिले. हातमोजे घालून अप्पांची बोटं परकी दिसत होती. त्यांनी डोळे मिटले. एक बोट आत, एक बाहेर. "पोरी, दीर्घ श्वास घे," म्हणाले. पाव वेढा, मग अर्धा, मग फिरकी त्यांच्या बोटावर आली. त्यामागून पू आला. डॉक्टरने त्यांना हळूच बाजूला केलं आणि पुढचं काम हातात घेतलं.

बाहेरच्या बाकावर मुप्पिडादी बसली होती. मी तिला कॉफी आणून दिली होती, ती तशीच निवत होती. अप्पा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, धीर देतील. ते म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"सुई हाडात गेल्याचं. हाताला कळतं ते. आवाजही झाला होता. तेव्हाच काढून घ्यायला हवी होती. मी पुढे ढकलली."

मुप्पिडादीने मान वर केली. मग तिने विचारलं, "मी पाचव्या दिवशी आले, तेव्हाही ठाऊक होतं?"

"होतं."

"नऊ दिवस." ती उठली नाही, ओरडली नाही. "नऊ दिवस मी पोरीच्या डब्याचा वास घेत होते, आसारी. सुकट खाल्लंस म्हणून आज सकाळी तिच्या पाठीत धपाटा घातला. तापात होती ती. आणि तुम्ही मला हळदीवर शहाणपण शिकवत होतात."

अप्पांनी मान खाली घातली. मग ती माझ्याकडे वळली. "तू तर तिथेच होतीस गं. तू ऐकलंस?"

"हो," मी म्हटलं.

"छान," ती म्हणाली. "बाप तशी लेक." आणि कॉफीचा पेला बाकाखाली ठेवून आत निघून गेली.

इसक्की सहा दिवस इस्पितळात होती. नाक वाचलं. उजव्या बाजूला टोकाच्या वर एक लहानशी खळी राहिली, तांदळाच्या दाण्याएवढी. माहीत नसलेल्याला दिसतही नाही. अप्पा रोज पहिल्या बसने जायचे, वॉर्डाच्या दारातून पाहायचे आणि परत यायचे. मुप्पिडादी त्यांच्याशी बोलायची नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी डॉक्टरला गाठलं आणि शाळेतल्या मुलासारखे प्रश्न विचारले. मऊ भाग नेमका कुठे संपतो? सुई ज्योतीवर धरली तर पुरतं का? तिने त्यांना आरशासमोर उभं करून त्यांच्याच नाकावर बोट ठेवून दाखवलं. ज्योत पुरत नाही, म्हणाली. एका नाकाला एक बंद पाकिटातली सुई, नंतर फेकून द्यायची. टोक लाल झालं, ताप आला, सूज पसरायला लागली की एक दिवसही थांबायचं नाही. साधी लाली असेल तर चमकी काढायची नाही, भोक वरून बुजतं आणि घाण आत कोंडते. मी हे सगळं कागदावर लिहून घेतलं.

त्यानंतर अप्पांनी नाक टोचणं सोडलं. मोतीबिंदू काढून आले, नजर सुधारली, तरी सोडलंच. पायरीशी बाई आली की म्हणायचे, "शेंबगम टोचेल." गल्लीतले बाकीचे आसारी कुजबुजले, बाईमाणसाने कधी हे काम केलंय का? काही गिऱ्हाइकं परत गेली. मी आधी सहा महिने केळीच्या कोवळ्या सालीवर हात बसवला, मग माझ्या दोन चुलतबहिणींची नाकं टोचली.

त्याच सुमारास इसक्की आली. एकटीच.

"अम्माला सांगितलंयस?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हणाली, तुझं नाक आहे, तू जाण. अक्का, डाव्या बाजूला टोच. उजवीकडे आता जागा नाही."

"डावीकडे आपल्यात कोण घालतं?"

"मी घालते," ती म्हणाली आणि आरशासमोर बसली.

अप्पा भट्टीपाशी होते. उठले नाहीत, पण हातातलं काम थांबलं होतं. मी बोटाने जागा चाचपली, काजळाने ठिपका दिला, पुन्हा चाचपली. सुई आवाज न करता गेली. महिनाभर मी रोज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन नाक पाहत होते. मुप्पिडादी दारात वेण्या गुंफत असायची. पहिले आठ दिवस ती फक्त सरकून वाट द्यायची. नवव्या दिवशी म्हणाली, "चहा ठेवलाय." अप्पांचं नाव तिने काढलं नाही, आजही काढत नाही. देवळापाशी ते तिच्याकडून फुलं घेतात, ती मोजून देते, तेवढंच.

गेला आडी महिना, म्हणजे आमचा आषाढ, लागायच्या आधीची गोष्ट. पलीकडच्या वस्तीतली एक बाई नातीला घेऊन आली. पोरीने ऐन वेळी मान हलवली आणि सुई वर गेली. बारीक आवाज झाला. मी तिथेच थांबले, सुई काढून घेतली आणि म्हटलं, "आजी, चुकलं. हाडाला लागलं. आज टोचायचं नाही. हे भरू दे, दोन महिन्यांनी या. तोवर लाली वाढली तर सरळ इस्पितळात जायचं, मी लिहून देते ती चिठ्ठी दाखवायची." म्हातारी भडकली. बाईच्या हातात सुई दिली की असंच होणार, म्हणाली, आणि नातीचा हात धरून गल्लीच्या टोकाच्या दुकानाकडे चालायला लागली.

मी सुई कागदात गुंडाळून टाकली. अप्पा बाजूला येऊन बसले.

"कुठे लागलं?"

मी माझ्याच नाकावर बोट ठेवून दाखवलं.

"तिथे माझ्याकडूनही दोनदा लागलं होतं," ते म्हणाले. "इसक्कीच्या आधी."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. "मग त्या दोघींचं काय झालं?"

"काही नाही. आपोआप भरलं." त्यांनी चष्मा काढून धोतराने पुसला. "म्हणूनच तर गप्प राहिलो."

गल्लीच्या टोकाशी ती आजी आणि नात अजून दिसत होत्या. मी कागदावर चिठ्ठी खरडली, चपला घातल्या आणि त्यांच्यामागे निघाले. निदान ती चिठ्ठी तरी त्यांच्या हातात द्यायला हवी होती.