चार दिवसांची शून्यं

रोज दुपारी चार वाजता विभागातल्या आठ आरोग्य केंद्रांचे आकडे सूनबाईच्या टेबलावर येत. नवे रुग्ण किती, बरे झालेले किती, गेलेले किती. ते तपासून कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरायचे आणि पाचच्या आत वर पाठवायचे, हे तिचं काम. तिथून तो तक्ता वर्तमानपत्राकडे जाई आणि सकाळी छापून घरोघरी पोचे. म्हणजे सूनबाईने आज टाइप केलेला आकडा उद्या चहाच्या कपाबरोबर तिच्याच सासऱ्यांच्या हातात पडे.

सासरे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. अख्खा जन्म साखळी ओढत उन्हातान्हात फिरले, त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत. दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा खाक्या. साथ आली तशी त्यांनी बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर आलेखाचा मोठा कागद डकवला आणि आठ केंद्रांच्या आठ रेघा रोज सकाळी वाढवायला सुरुवात केली. सुनेचं लग्न झाल्यापासून नऊ वर्षं ते तिच्या नोकरीबद्दल "कॉम्प्युटरवर काहीतरी बडवते" एवढंच सांगत. आता मात्र खिडकीशी येणाऱ्याला मान ताठ करून सांगत, "आकडा आमच्या घरातून जातो." सूनबाईला हे ऐकून आतल्या आत गुदगुल्या होत, पण वरून ती भांडी घासत राही.

हळूहळू सगळी गल्ली त्या कागदावर विसंबली. खोलीची खिडकी रस्त्यावर उघडे. जाता-येता लोक तोंडाला फडकं बांधून गजांपाशी थांबत आणि आज रेघ कुठे आहे ते विचारत. रेघ उतरलेली असली की बायका भाजीच्या गाडीपाशी चार शब्द जास्त बोलत, चढलेली असली की दारं लवकर लागत.

मग लस आली, आणि ती निघाली परदेशी. कुठल्या तरी थंड मुलखातल्या कंपनीने बनवलेली, बाटलीवरची अक्षरंसुद्धा वाचता येऊ नयेत अशी. मोजणीदार शहात्तर वर्षांचे. तरुणपणी छातीच्या दुखण्याने एक फुप्फुस निकामी करून ठेवलेलं. ही साथ त्यांच्या छातीत उतरली तर दुसरी संधी मिळणार नाही, असं डॉक्टरांनी सूनबाईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. तिने धावपळ करून पहिल्याच यादीत त्यांचं नाव घातलं. आणि मोजणीदार अडून बसले.

"ज्यांनी आपल्या जमिनीवर कधी पाय ठेवला नाही, ते बसल्या जागी आपला नकाशा काढणार होय?" एवढं एक वाक्य त्यांना पुरे होतं. त्यांना साथ द्यायला समोरच्या दुकानातले शिंपीकाका होतेच. या दोघांचं तीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, नेमकं ते लशीवर झालं. शिंपीकाकांचं म्हणणं, ही लस म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर मापलेला कोट; आपल्याला बगलेत काचणारच. त्यात त्या कंपनीने मध्येच पेपरात दुरुस्ती छापली. आधी म्हणाले होते, शंभरातल्या एक्क्याण्णव जणांना लस राखते. आता पुन्हा मोजल्यावर चौऱ्याऐंशीच भरतात. शिंपीकाका तो पेपर घेऊन खिडकीशी आले आणि म्हणाले, आज सात पडले, उद्या आणखी किती पडतील कोण जाणे.

सूनबाईने समजावून पाहिलं, रुसून पाहिलं, नातवाकडून सांगून पाहिलं. नवरा शीतगृहात कामाला होता. वडील आणि बायको यांच्या वादात पडायचं नाही एवढं शहाणपण तिथल्या थंडीत त्याला आलं होतं. शेवटी मोजणीदारांनी तोडगा काढला. आपल्या केंद्राची आणि शेजारच्या, नदीपलीकडच्या केंद्राची रेघ ते पाहणार. साथ नेहमी पुलावरूनच इकडे येते हे त्यांनी दोन वेळा मोजून काढलं होतं. पलीकडची रेघ चढली तर लस घ्यायची, उतरली तर नाही. सूनबाईला हायसं वाटलं. म्हाताऱ्याने निदान कशावर तरी भरवसा ठेवला, आणि तो तिच्या आकड्यावर ठेवला.

त्याच आठवड्यात नदीपलीकडच्या केंद्राचा ऑपरेटर तापाने पडला. त्याचा फोन बंद, केंद्रातल्या बाकीच्यांना पासवर्ड ठाऊक नाही. चार वाजले, पावणेपाच झाले, आकडा येईना. तक्ता असा आडमुठा की एक घर रिकामं असलं तरी पुढे सरकायचा नाही. अशा वेळी ऑफिसात जे सगळेच करत तेच सूनबाईने केलं. रिकाम्या घरात शून्य भरलं आणि तक्ता पाठवून दिला. आकडा आला की बदलू. दुसऱ्या दिवशीही शून्य भरलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तर हाताला सवयच झाली होती; हीच शून्यं घरच्या भिंतीवर चढतात, हे घाईत तिच्या ध्यानातही आलं नाही.

घरी पेन्सिलीची रेघ चार दिवस जमिनीला टेकून राहिली. मोजणीदारांनी खिडकीतून गल्लीला सांगितलं की पलीकडे साथ संपली. आपल्या केंद्रावरून लशीसाठी फोन आला तेव्हा त्यांनी आपला शनिवारचा नंबर दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितलं. सूनबाई तेव्हा ऑफिसात होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ऑपरेटरच्या बायकोने पासवर्ड शोधून दिला आणि चारही दिवसांचे आकडे एकदम आले. एकोणीस, सत्तावीस, एकतीस, चव्वेचाळीस. सूनबाई तशीच उठून मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली आणि शून्यं आपण भरली होती असं तिने सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, मग दोघींनी मिळून तक्ता दुरुस्त केला आणि त्याखाली तशी टीप लिहिली. एखादं घर रिकामं असलं तरी तक्ता पुढे सरकेल अशी सोय करायला त्यांनी लगेच वर पत्रही लिहिलं. कुणी कुणावर ओरडलं नाही. सूनबाईला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घराच्या वाटेवर ती दोन्ही बाजू तोलत चालली होती. सांगितलं नाही तर म्हातारा खोट्या रेघेवर विसंबून बसेल. सांगितलं, तर ज्या एका गोष्टीवर त्यांचा विश्वास होता, तिच्यावरचाही तो उडेल. मग लस तर दूरच, उद्यापासून ते साधा आकडासुद्धा खरा मानणार नाहीत. वाटेत तिने आपल्या केंद्रावर चौकशी केली तेव्हा कळलं की उद्याच्यापुरते बारा डोस उरलेत, पुढचा साठा कधी येईल याचा पत्ता नाही, आणि बाबांनी स्वतःच नंबर सोडलाय. नर्सताईंनी सकाळी नऊपर्यंत एक डोस धरून ठेवायचं कबूल केलं. त्यापुढे त्यांच्याही हातात काही नव्हतं.

मोजणीदार खिडकीशी बसले होते, शिंपीकाका बाहेर कठड्यावर. सूनबाईने चप्पलसुद्धा काढली नाही. मनाचा हिय्या करून ती म्हणाली, "बाबा, नदीपलीकडची ती चार शून्यं खोटी आहेत. आकडा आला नव्हता म्हणून मी भरली होती. खरे आकडे हे."

तिने चिठ्ठी पुढे केली. शिंपीकाका बाहेरून म्हणाले की झालं, म्हणजे घरचा आकडाही गेला. मोजणीदारांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी पकडलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. मीच सांगितलं मॅडमना."

"कधी?"

"आकडे आले त्याच वेळी."

म्हातारा उठला. सूनबाईला वाटलं, आता हा कागद भिंतीवरून टराटरा फाडणार. त्यांनी पेन्सिल ठेवली, कपाटातून शाईचं पेन काढलं, आणि त्या चार दिवसांच्या सपाट रेघेवर एक आडवी काट मारली, खालची रेघ दिसत राहील अशी. शेजारी नवी रेघ ओढली. ती कागदाच्या कडेपर्यंत चढत गेली. मग कोपऱ्यात त्यांनी तारीख घातली आणि सही केली.

"आमच्या खात्यात रबर वापरायला बंदी होती," ते कागदाकडे बघतच म्हणाले. "चुकलं तर एक काट मारायची, वर खरं लिहायचं, सही करायची. माझ्याबरोबर एक जण होता, त्याची वही आरशासारखी स्वच्छ. साहेब कौतुक करायचे. एकदा त्याने मोजलेल्या हद्दीवरून दोन भावांत डोकी फुटली, तेव्हा कळलं की तो घरी बसून वही नव्याने उतरवून काढायचा. त्या दिवसापासून ज्या वहीत एकही काट नाही तिच्यावर मी विश्वास ठेवलेला नाही."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभर तिने ते अडवून धरलं होतं. सासरे ओरडले नाहीत म्हणून नव्हे, तर आपण काय केलं हे त्यांना बरोबर कळलं म्हणून तिला भरून आलं.

मोजणीदार मात्र अजून उभेच होते. कपाळाला आठ्या, बोट हवेत. मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि शिंपीकाकांकडे तो परवाचा पेपर मागितला, कंपनीच्या दुरुस्तीचा. काकांनी तो जपूनच ठेवला होता, वादात कामाला यावा म्हणून. म्हाताऱ्याने भिंग लावून बातमी वरपासून खालपर्यंत वाचली, आणि पुन्हा वाचली.

"हे एक्क्याण्णवचे चौऱ्याऐंशी, हे यांना कोणी पकडलं?"

"कोणीच नाही, बाबा. त्यांनीच पुन्हा मोजलं आणि स्वतःहून छापलं."

"कोणी विचारलेलं नसताना?"

"कोणी विचारलेलं नसताना."

मोजणीदारांनी पेपराची घडी घातली. "मग ही माणसं आपल्याच खात्यातली," ते म्हणाले. "सकाळी किती वाजता जायचंय?"

शिंपीकाका कठड्यावरून उतरले आणि बराच वेळ कुरकुरले. तीस वर्षांत एकदा एकमत झालं होतं, तेही या माणसाने मोडलं, असं त्यांचं गाऱ्हाणं. मोजणीदारांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मग ते गल्लीतल्या प्रत्येक दाराशी स्वतः काठी टेकत गेले. रेघ चुकली होती, खरी रेघ ही आहे, साथ पूल ओलांडायच्या बेतात आहे. ज्यांचे नंबर आलेत त्यांनी ते सोडू नका. सुनेचं नाव त्यांनी कुठेही घेतलं नाही. "माझ्या कागदावर चुकलं," एवढंच ते प्रत्येक दारात म्हणत. हे सूनबाईला शेजारणीकडून दुसऱ्या दिवशी कळलं. त्या उपकाराबद्दल सासऱ्यांपाशी एक शब्द काढायची तिची छाती झाली नाही.

सकाळी नऊला दहा मिनिटं कमी असताना ते केंद्रावर पोचले. नर्सताईंनी डोस खरंच धरून ठेवला होता. मोजणीदारांनी बाही वर करण्याआधी बाटलीवरचा क्रमांक वहीत उतरवून घेतला, आणि नर्सताईंनी पाठीमागच्या रांगेकडे बघत पण हसतमुखाने तो दोनदा वाचून दाखवला. रांगेत शिंपीकाका होते. त्यांचाही नंबर आजचाच होता, आणि तो त्यांनी सोडला नव्हता. आपण फक्त सोबतीला आलोय असं ते सगळ्यांना सांगत होते. दहाच मिनिटांत त्यांनीही बाही वर केली.

टोचल्यावर अर्धा तास बसायचं होतं. समोर पांढरी भिंत, त्यावर एक घड्याळ. मोजणीदार दंड धरून बसले होते. मग अगदी हळू म्हणाले, "सूनबाई, त्या मुलखात कुणीतरी पहिल्यांदा हात पुढे केला असेल ना गं? लस चालते की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना? त्याला आपण कोण हेही माहीत नाही."

"हजारो जणांनी केला असेल, बाबा."

"भलं होवो त्यांचं," म्हातारा म्हणाला, आणि दूरवर बसलेल्या कुणाला तरी करावा तसा त्याने भिंतीकडे बघून नमस्कार केला. शेजारच्या खुर्चीवरच्या शिंपीकाकांनी, कधी नव्हे ते, त्यांचं पाहून हात जोडले.

तीन आठवड्यांनी दुसरा डोस झाला. त्यानंतर महिन्याभरात साथ पूल ओलांडून आली, आणि आली ती धो धो आली. सूनबाईच्या तक्त्यात आपल्या केंद्राचा आकडा एका दिवसात तिप्पट झाला. गल्लीतल्या चार घरांत ताप शिरला. पाचवं घर तिचं होतं.

मोजणीदारांना तीन दिवस सडकून ताप होता. बोटाला लावायच्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा सूनबाई दर दोन तासांनी बघे. ब्याण्णव, एक्क्याण्णव, पुन्हा ब्याण्णव. डॉक्टर म्हणाले होते की नव्वदच्या खाली गेला तर हलवायचं, आणि मग काय होईल ते सांगता येत नाही. तिने देवाला साकडं घालायचं तेवढं घातलं. एक्क्याण्णवच्या खाली तो गेला नाही. चौथ्या दिवशी त्र्याण्णव झाला, सहाव्या दिवशी शहाण्णव, आणि म्हाताऱ्याने पेजेला मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली. शीतगृहातून धावत आलेला नवरा ती तक्रार ऐकून दारातच मटकन खाली बसला.

घरातली विलगीकरणाची मुदत संपल्यावर सूनबाई ऑफिसात गेली. चार वाजता आठ केंद्रांचे आकडे आले. तिने आपल्या केंद्राचा कागद पुढे ओढला. नवे रुग्ण अठ्ठावीस. बरे झालेले एक्केचाळीस. इतके महिने तिने हा रकाना रोज भरला होता, शेकडो, हजारो, आणि प्रत्येक वेळी बोटं न थांबता पुढच्या घरात गेली होती. आज चार लिहिला, एक लिहिला, आणि बोटं तिथेच थांबली. घरोघरी कुणीतरी असंच चिमट्याकडे बघत बसलेलं असणार, एकेका आकड्यामागे एकेक घर, आणि त्यातलं कुणीही तिला कधी दिसलं नव्हतं. पडद्यावरचा आकडा पाण्याने पुसट झाला.

डॉक्टरीणबाई फायली घेऊन मागून जात होत्या. त्या थांबल्या आणि वाकून पडद्याकडे पाहत त्यांनी विचारलं, आकड्यात काही चुकलंय का.

"नाही मॅडम, बरोबर आहे," सूनबाई म्हणाली. "आमचे बाबा आहेत यात."