नो ड्रिलिंग

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात लाल विटांचा एक जुना हॉल आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इथल्या स्वयंसेवक पलटणीने कवायतीसाठी बांधलेला. दारावर दगडात ‘ड्रिल हॉल’ असंच कोरलंय. पलटण म्हणजे गिरणीमालकांची पोरं. टोपीला पिसं लावून शनिवारी कवायत करायची आणि मग त्याच लाकडी फरशीवर नाचायची. लढाई त्यांनी एकच केली, गावातल्या संपकरी विणकरांशी. समोरच्यांकडे बंदुका नव्हत्या, म्हणून जिंकले. आत पाटीवर याला शौर्य म्हटलंय.

बाबासाहेबांच्या जयंतीला आम्ही हा हॉल भाड्याने घेतो.

गेल्या वर्षी माझ्या बायकोने, शोभनाने, मुलांची लेझीम बसवली. केमो चालू होती. आठवडाभर पडून असायची आणि रविवारी आमच्या गॅरेजमध्ये उभी राहून ओरडायची, “वाका! गुडघ्यातून नाही, कमरेतून!” तिचे वडील चंद्रपूरला शाळेत ड्रिल मास्तर होते. हॉल पाहून म्हणाली होती, “अण्णांना दाखवायला हवा होता. कवायतीसाठी एवढं छप्पर! त्यांना कधी सावलीसुद्धा मिळाली नाही.”

जयंती तोंडावर आली आणि आमच्या मंडळाचा अध्यक्ष धर्मराज याचा फोन आला. नागपूरचा, आयटीतला, हुशार म्हणून प्रसिद्ध.

“काकू, लेझीम कॅन्सल करावी लागेल. हॉलमध्ये बोर्ड आहे, नो ड्रिलिंग.”

“अरे, ड्रिल हॉलमध्ये ड्रिलला बंदी?”

“हिस्टॉरिक बिल्डिंग आहे ना. फ्लोअर जुना असेल. रूल इज रूल.”

त्याऐवजी मुलं फिल्मी गाण्यावर धपाधप उड्या मारून गेली. ती म्हणे ड्रिल नव्हती, म्हणून फरशीला चालली. शोभनाने मागे बसून टाळ्या वाजवल्या. शेवटपर्यंत मात्र तिचं एकच होतं, “एकदा त्या फरशीवर मुलांना उभं करा हो.” ऑक्टोबरमध्ये ती गेली.

यंदा धर्मराज म्हणाला, “काका, काकूंचा मोठा फोटो लावू. प्रॉपर ट्रिब्यूट.”

“आणि लेझीम?”

“तो बोर्ड अजून आहे, काका.”

जयंतीच्या दिवशी मी तिच्या लेझिमी खोक्यात भरून गाडीत टाकल्या. मुलांचं बघणाऱ्या मोनालीला देऊन मोकळं व्हायचं ठरवलं.

हॉलमध्ये शिरलो तर धर्मराज स्टुलावर चढलेला. खाली भिंतीला टेकून शोभनाचा फोटो, आणि याच्या हातात ड्रिल मशीन. फोटोला हूक मारायचा होता. मशीन घुर्र झालं आणि हॉलचा म्हातारा रखवालदार वॉल्टर धावत आला.

“थांब! बोर्ड वाचता येत नाही तुला?”

बोर्ड धर्मराजच्या डोक्यावरच होता. नो ड्रिलिंग.

“विटा जुन्या आहेत. एक भोक पाडलं की अख्खी वीट फुटते!”

धर्मराज बोर्डाकडे बघत राहिला. मग हातातल्या मशीनकडे. “ओह,” म्हणाला, “तसं ड्रिलिंग.”

मी वॉल्टरला विचारलं, “इथे मुलांनी कवायत केली तर चालेल?”

त्याने मी वेडा असल्यासारखं पाहिलं. “मग हा बांधलाय कशासाठी?”

“काका,” धर्मराज वरूनच म्हणाला, “आमच्या शाळेत ड्रिल म्हणजे ड्रिलचा तास. मला वाटलं...”

“माझ्याही शाळेत तेच होतं. या वॉल्टरला एक फोन केला असतास तर?”

“सॉरी काका. रिअली.”

“मला कशाला? ती तुझ्या पायाशी आहे, तिला सांग.”

तो घाईघाईने उतरला. मी फोटो उचलून फरशीच्या मधोमध खुर्चीवर ठेवला आणि मोनालीला गाडीची किल्ली दिली. “डिकीत खोका आहे. मुलांना विचार, आठवतंय का.”

“वी रिमेंबर, आजोबा,” मुलांनीच ओरडून सांगितलं. “आजी वॉज सो स्ट्रिक्ट!”

“पण काका, प्रोग्रॅमची वेळ...” धर्मराजने घड्याळ पाहिलं.

“एक लेझीम घे आणि मागच्या रांगेत उभा राहा.”

घेतली त्याने. लेझिमींचा आवाज छपरापर्यंत गेला. वॉल्टर दारातून हलला नाही. मुलं कमरेतून वाकत होती, धर्मराज गुडघ्यातून.

शोभनाने त्याला रांगेबाहेर काढला असता. मी वाकू दिलं.